शेवटच्या नळावरची बैठक

करंजओढा,
९ मार्च

चि. पृथ्वीराज यास,
आबांचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘हं’ म्हणणार, मी ‘बरं’ म्हणणार आणि मग आपण दोघं पंख्याचा आवाज ऐकत बसणार. गेली काही वर्षं आपलं एवढंच बोलणं होतं. कागदावर निदान मला कुणी मध्येच ‘हं’ म्हणत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मोनालीचं लग्न ठरलं. मुलगा शिरूरचा. वडिलांची मार्केट यार्डात आडत आहे, मुलगा रांजणगावला कंपनीत आहे. मेच्या आठ तारखेची सुपारी फुटली. पाहुणे उठले नाहीत तोच तुझ्या आईनं विचारलं, “कानपिळीला कोण उभा राहणार?” सख्खा भाऊ जिवंत असताना चुलतभावाला नवऱ्या मुलाचा कान पिळायला लावायचा, हे तिला सहन होत नाही. इकडे तुझ्या सावळाराममामाचा निरोप आला, “ज्या मांडवात पृथ्वी आसंल, त्या मांडवात मी न्हाई.” मग भटजी ‘मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं’ म्हणतील तेव्हा कोण उठणार? भाऊ आला तर मामा नाही, मामा आला तर भाऊ नाही. तुझ्या आईचा एकीकडे मुलगा आणि दुसरीकडे पाठचा भाऊ. ती दोघांचीही नावं घेत नाही, फक्त भांडी जोरात आपटते.

तू भीमेपलीकडच्या त्या गावात मुख्याधिकारी होतास तेव्हा मामाच्या गोठ्याला मुख्य लाइनवरून चोरून घेतलेला पाइप कापायला लावलास. नेमकं त्यांच्याकडे जागरण-गोंधळ, पंगत बसलेली, आणि तुझी माणसं दाराला नोटीस डकवून पाइप कापून गेली. मी त्याच पंगतीत होतो. तेव्हापासून मामा तुझं तोंड बघत नाही, आणि आपलं बोलणंही ‘हं’वर आलं.

ते राहू दे. पत्राला दुसरंही कारण आहे. आपल्याकडे तुझ्याच पेशातली एक बाई आली आहे आणि तिनं आमच्या गावाला येडं करून सोडलं आहे.

आपली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली हे तुला ठाऊक आहे. निवडणूक लांबली. म्हणजे आम्ही सगळे माजी, आणि मुख्याधिकारी तीच, प्रशासकही तीच. सीमा ओव्हाळ नाव. वयानं तुझ्याहून लहान असेल. पायात साधी चप्पल, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिच्या हाताखाली पाण्याचे इंजिनिअर मच्छिंद्र भालेराव, हे रोज केडगावहून मोटरसायकलवर येतात, आणि लेखापाल भाग्यश्रीबाई. गावाचा सगळा कारभार या तिघांच्या डोक्यावर.

मी उपसरपंच होतो तेव्हा गावाचा निर्णय आपल्या ओट्यावर व्हायचा. सुपारी कातरून होईपर्यंत रस्ता कुणाच्या दारातून जाणार हे ठरलेलं असायचं. आणि तो बहुतेक वेळा आपल्याच दारातून जायचा, हेही खरं. या बाईंचं उलटं. त्यांचा नियम असा, की ज्या सोयीचा निर्णय घ्यायचा, ती सोय जिथं संपते तिथं जाऊन बसायचं. दिव्यांचा विषय असला तर शेवटच्या खांबाखाली. कचऱ्याचा असला तर घंटागाडी जिथून माघारी वळते तिथं. आणि पाण्याचा असला तर टेकाडावरच्या वस्तीत, दगडाबाईच्या दारातल्या शेवटच्या नळावर. परवा तिथं बैठक होती. गंमत बघायला मीही गेलो. दगडाबाईनं बाज टाकली होती, तिच्यावर मॅडम. भालेराव उपड्या पिंपावर. भाग्यश्रीबाई उंबऱ्यावर. मला कुणी खुर्ची दिली नाही. उभं राहून मी ती बैठक ऐकली आणि घरी येऊन पोटभर हसलो.

तुझ्या आईचा आग्रह आहे म्हणून कळवतो, लग्नाची तारीख आठ मे.

तुझा,
आबा


करंजओढा,
२३ मार्च

चि. पृथ्वीराज,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी सुरुवात केली आहे तर आता माझंच सुरू राहील, उचलली जीभ लावली टाळ्याला.

कालव्याचं आवर्तन लांबलं. आपला साठवण तलाव आत्ताच निम्म्याला आला आहे. पुढचं पाणी कधी सुटेल हे कुणी सांगत नाही. आपल्या गावठाणात पाणी रोज येतं, कारण टाकी आपल्या उशाला आहे. टेकाडावर चौथ्या दिवशी, तेही दगडाबाईच्या नळापर्यंत येता येता करंगळीएवढं होतं. आता आहे तेच पाणी उन्हाळाभर पुरवायचं, म्हणून परत शेवटच्या नळावर बैठक. या वेळी मी गंमत बघायला गेलो नव्हतो. गावठाणाचं रोजचं पाणी जाऊ नये म्हणून गेलो होतो. आमच्या आळीनं मला पुढारी केलं आहे. माजी माणसाला एवढा मान मिळाला की तो फुगतो, तसा मी फुगलो होतो.

तिथं जे बघितलं ते तुला सांगावंसं वाटलं. तुझ्या खात्यात सगळीकडे असं चालतं का ते मला माहीत नाही.

मॅडमनी आधीच सांगितलं, “जो उपाय सुचवाल, त्यानं कुणाचा घसा कोरडा राहील ते नाव घेऊन सांगायचं. ‘काही कुटुंबं’ म्हणायचं नाही.”

भालेराव म्हणाले, “टेकाडाला टँकर लावू.”

मॅडमनी भाग्यश्रीबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “टँकरचा खर्च कुठून तरी काढावा लागंल. दवाखान्यात बाळंतपणाची खोली बांधतोय, तीच थांबवावी लागंल. सुतारआळीतली सुषमा जूनमधी बाळंत व्हायचीय. तिला शिरूरला न्यावं लागंल.”

झालं, टँकर मागे पडला. कुणी भाषण केलं नाही. सुषमाचं नाव निघाल्यावर कुणाची जीभच रेटेना.

मग भालेरावांनी दुसरा उपाय मांडला, गावठाणाला एक दिवसाआड पाणी द्यायचं आणि वाचलेलं टेकाडावर चढवायचं. मॅडम म्हणाल्या, “यात कुणाचा घसा कोरडा?”

भालेराव इकडे तिकडे बघत म्हणाले, “सर्जेरावआबांचा.”

सगळे हसले. दगडाबाई तर पदर तोंडाला लावून हसली. मी एवढा लाल झालो की माझाच घसा कोरडा पडल्यासारखं वाटलं.

पण पुढं ऐक. भालेराव तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, “मॅडम, एक सांगून ठिवतो. माझी बहीण ललिता ह्याच वस्तीत दिलीय. तिच्या दारातबी चौथ्या दिवशीच पाणी येतं. तवा माझं मत ह्यात धरू नका. मी पाण्याचं माप आणून देतो, तेवढं धरा.”

मी कितीतरी वर्षं पंचायतीत काढली. आपला माणूस आहे म्हणून गुपचूप झुकतं माप देणारे पाहिले. आपल्या माणसावर दात आहे म्हणून उगाच कापणारेही पाहिले. पण सगळ्यांच्या देखत ‘माझी बहीण इथं आहे, माझं मत सोडून द्या’ म्हणणारा अधिकारी मी पहिल्यांदा बघितला. मला तेव्हा तू आठवलास. का ते लिहीत नाही.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. मॅडम म्हणाल्या, “आधी आपण तिघंही पाणी सुटायच्या वेळी दोन्हीकडं उभं राहून बघू.” आणि खरंच, त्यानंतर रोज पहाटे त्यांच्यापैकी कुणीतरी आपल्या आळीत उभं दिसतं. काल भाग्यश्रीबाई गटारीत वाकून काय बघत होत्या देव जाणे. आमची बायकामंडळी म्हणाली, बाईंची अंगठी पडली असेल.

मी मात्र अर्ज केला आहे. ‘गावठाणाचे पूर्वापार चालत आलेले दररोजचे पाणी कायम ठेवावे.’ आळीतल्या सगळ्यांच्या सह्या, वर माझी. अर्ज लिहिताना हात चांगला चालला. तुझ्या आजोबांनी विहिरीच्या भांडणात असाच अर्ज केला होता.

मामाचं अजून ‘न्हाई’च आहे.

तुझा,
आबा


करंजओढा,
७ एप्रिल

चि. पृथ्वीराज,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच.

काल सकाळी मामा आला होता. लग्नाच्या आहेराचं, मांडवाचं बोलायला. तुझं नाव निघेल म्हणून तुझी आई त्याला सारखी काहीतरी खायला देत होती. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही, असा तिचा हिशेब. आम्ही ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात दारात नगरपंचायतीची गाडी उभी राहिली. मॅडम आणि भालेराव उतरले.

मला वाटलं, काहीतरी छापा आहे. मामानं तर सवयीनं गोठ्याच्या दिशेला बघितलं. गोठा आपला, त्यात चोरीचा पाइप नाही, तरी.

मॅडम ओट्याखाली चप्पल काढून वर आल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, “आबा, तुमच्या अर्जाला नकार आहे. तेच सांगायला आले.”

मी म्हणालो, “एवढ्यासाठी मोटार घेऊन येता व्हय? शिपायाच्या हाती कागद धाडायचा. सही करून घेतला आस्ता.”

त्या म्हणाल्या, “कागद उद्या येईलच. पण कागदाला उलटं विचारता येत नाही. तुम्हाला विचारायचं असेल ते मला विचारा.”

आता मी सोडतो होय? पूर्वापार हक्क काढला, आमच्या आजाच्या वेळची टाकी काढली, घरपट्टी आम्हीच वेळेवर भरतो हे काढलं. त्या सगळं ऐकत होत्या. मध्ये बोलल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. माझा दम संपला तेव्हा म्हणाल्या, “आबा, तुमच्या आळीत पाणी सुटलं की गटार स्वच्छ वाहायला लागते. भाग्यश्रीताईंनी बघितलं, मीही बघितलं. रोज. ते पिण्याचं पाणी आहे. ते कुठून येतं, हे काही आम्हाला कळलं नाही.”

मी म्हणालो, “आमच्या आळीत कुणी पाणी वाया घालवत न्हाई.”

आणि पृथ्वी, त्याच वेळेला तुझी आई आतून तांब्याची घागर घेऊन आली आणि पाहुण्यांसाठी ताजं भरायचं म्हणून ती भरली घागर आमच्या सगळ्यांच्या देखत अंगणात रिती केली.

मॅडम एकदम हळू म्हणाल्या, “काकू, हे पाणी का ओतलं?”

“शिळं हाय ना ते,” तुझी आई म्हणाली. “कालचं. आज नळ आला की.”

भालेराव आढ्याकडे बघायला लागले. मामानं मिशीवरून हात फिरवला. पाणी अंगणातून वाहत गटारीत गेलं. तुझ्या आजीनं तुझ्या आईला शिकवलं, आजीला तिच्या सासूनं. नळ आला की कालचं ओतायचं, ताजं भरायचं. आख्खी आळी तेच करते. आम्हाला कधी ते वाया घालवणं वाटलंच नाही. ते आमचं स्वच्छ राहणं होतं.

मॅडम तुझ्या आईला एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दगडाबाई हेच पाणी चौथ्या दिवसापर्यंत पितात, काकू.” तुझ्या आईनं पुढचा चहा साखर घालायला विसरूनच केला. मॅडमनी तो सगळा प्यायला.

जाताना मामानं त्यांना अडवलं. म्हणाला, “बाई, आन् आमी न्हाई ऐकलं तर? मोर्चा आणला तर?”

“आणा,” त्या म्हणाल्या. “मी पुन्हा येऊन हेच सांगेन.”

गाडी गेली. मी आपला ओट्यावर चेहरा पाडून बसलो होतो. मामा गाडीच्या धुळीकडे बघत जे बोलला ते तसंच्या तसं लिहितो. त्यात माझी भर नाही.

“दाजी, पृथ्वी आसा दारात आला आस्ता, आन् ‘मामा, तुमचा पायप कापावा लागतोय’ म्हणला आस्ता, तर करवत म्या सोता काढून दिली आस्ती. चोरीचाच व्हता त्यो पायप, मला काय कळत न्हाई व्हय? पायपाचं दुख न्हाई मला. पाव्हण्यांच्या पंगतीम्होरं त्येच्या हापिसातल्या माणसांनी कागद मोठ्यानं वाचून दावला. आन् हा मामाच्या घरापासनं हाकेच्या अंतरावर हापिसात बसून व्हता. मामाच्या दारात यायला त्येला काय झालं व्हतं?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सावळारामच्या डोळ्यांत मी बैल मेला तेव्हाही पाणी बघितलं नव्हतं.

तुझी आई दारामागं उभी राहून सगळं ऐकत होती.

तुझा,
आबा


करंजओढा,
१९ एप्रिल

चि. पृथ्वीराज,

गावठाणाला आता दिवसाआड पाणी आहे. आळीत पहिल्या दिवशी बोंबाबोंब झाली, माझ्याकडेच लोक आले. मी त्यांना म्हणालो, घागर ओतू नका, पुरतंय. कुणी ऐकलं, कुणी शिव्या दिल्या. माझ्या पुढारपणावर तिथंच पाणी पडलं, आणि तेही शिळं.

टेकाडावर पहिल्यांदा जास्तीचं पाणी सुटलं त्या सकाळी मी मुद्दाम गेलो. तिघंही अधिकारी होते. नळानं आधी नुसता फुसफुस आवाज केला, मग लालसर पाणी, आणि मग चांगली मनगटाएवढी धार पडली. दगडाबाईनं धारेखाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला. हंडा लावायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. भालेरावांच्या बहिणीनं शेवटी तो लावला. भालेराव लांब उभे होते, बहिणीच्या जवळ गेले नाहीत. मॅडम म्हणाल्या, “जा की, भेटून या.” तेव्हा कुठं गेले.

मला ही माणसं फार आवडली, पृथ्वी. आपण अधिकाऱ्यांना नावं ठेवतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतो. पण एक निर्णय घ्यायला त्यांनी किती पहाटा उभ्या राहून काढल्या, कुणाकुणाची नावं तोंडानं घेतली, आणि ज्याच्या तोंडचं काढलं त्याच्या ओट्यावर येऊन बिनसाखरेचा चहा प्यायला, हे मी या डोळ्यांनी बघितलं. आमच्या ओट्यावर असं कधी झालं नव्हतं. मी अख्खा जन्म कारभार केला. कारभार कसा करतात ते आता म्हातारपणी बघितलं.

तर मी मॅडमना विचारलं, “बाई, नकार घिऊन घरी जायचं हे कुठल्या पुस्तकात लिव्हलंय?”

त्या म्हणाल्या, “पुस्तकात नाही, आबा. मी शिकाऊ होते तेव्हा मला एक सर होते. ते कधी नकाराचा नुसता कागद जाऊ द्यायचे नाहीत. आधी स्वतः जायचे. आम्हालाही न्यायचे. एकदा एका म्हातारीनं आमच्या अंगावर खरकटं पाणी टाकलं, तरी दुसऱ्या दिवशी तिचं राहिलेलं म्हणणं ऐकायला परत गेले. मी विचारलं, सर, असं का? तर म्हणाले, एकदा मी बरोबर निर्णय घेतला, पण माझ्याऐवजी कागद पाठवला. त्या घरी जायची माझी हिंमत झाली नाही, कारण ते माझ्याच माणसांचं घर होतं. निर्णय टिकला, घर गेलं.”

मी नळाकडे बघत राहिलो.

मग त्याच म्हणाल्या, “तुमचं आडनाव आणि गाव बघून मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी मोकळेपणानं भांडला नसता.”

म्हणजे महिनाभर मी ज्या पद्धतीचं कौतुक तुला लिहून पाठवत होतो, ती तुझीच. आणि तू ती पत्रं वाचून गप्प बसलास. तुझ्या आईला सांगितलं तर तिनं आधी मला हसून घेतलं, मग चुलीपाशी जाऊन रडली, मग परत येऊन म्हणाली, “माझ्याच पोरानं शिकवलंय म्हणा की त्या बाईला.” आता अख्ख्या आळीला सांगत फिरते आहे. ज्या बाईनं तिचं रोजचं पाणी काढलं, तिचं कौतुक सांगताना तिला दम लागत नाही.

मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य लिहायला मला चहाचे दोन कप लागले. पण लिहिलं आहे, आता खोडत नाही.

आता ऐक. तू सगळ्यांच्या दारात गेलास, एका दारात गेला नाहीस. दौंडला गाडीतून उतरलास की आधी आपल्या घरी येऊ नकोस. मामाकडे जा. माफी मागायला जाऊ नकोस. माफी कशाची? पाइप चोरीचा होता, तो कापायलाच हवा होता, मामाही तेच म्हणतो. तुझा नकार त्याला अजून मिळालेला नाही, नुसता कागद मिळाला आहे. तो नकार तेवढा तोंडानं देऊन ये. मामा रागावेल, आरडाओरडा करेल, तुझा बाप काढेल. काढू दे, मी इथं बसलो आहे. त्याचा दम संपेपर्यंत ऐक. ते तुला येतं, असं मला तुझ्या शिष्येनं सांगितलं आहे.

रजा मिळत नसेल तर कळव, मी तुझ्या वरच्यांना अर्ज करतो. अर्ज मला चांगला लिहिता येतो.

तुझा,
आबा


करंजओढा,
६ मे

चि. पृथ्वीराज,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तरी लिहितो, कारण हात स्वस्थ बसत नाही.

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या आईनं चुलतभावाला कानपिळीसाठी सांगून ठेवलं होतं. सांगताना तिचा आवाज बसला होता. मी दोन दिवस तिच्यासमोर जायचं टाळलं. अंगणात मांडवाच्या मेढी रोवल्या, आंब्याचे डहाळे आले, मोनाली प्रत्येक गाडीच्या आवाजाला दाराशी येऊन जात होती. आपण पाणी बघायला आलो, असं दाखवत होती.

आज दुपारी मामाचा फोन आला. मला वाटलं, लग्नाला येत नाही म्हणून सांगायला केला असेल.

म्हणाला, “दाजी, तुमचा पोरगा आलाय. दौंडवरनं तडक हितंच. हातात पिशवी घिऊन दारात हुबा व्हता, आत ये म्हणलं तरी येईना. म्हणला, ‘मामा, आधी सांगतो. त्यो पायप बेकायदा व्हता, त्यो म्याच कापायला लावला, आन् आज जरी तिथं आसलो तरी कापीन. तवा तुमच्या दारात यायला पायजे व्हतं, आलो न्हाई. आज आलोय.’”

मी विचारलं, “मग तू काय म्हणालास?”

“काय म्हननार? लई बोललो त्येला. घरच्या बायकांनी आवरलं. त्यो गुमान खाली मान घालून ऐकत बसला. माझं संपलं तवा म्हणला, ‘अजून काय राहिलं आसंल तर बोला.’ आता काय बोलू, दाजी? च्या ठिवलाय. त्येला मांडवात आणायला मीच येतो संगट. भाचीला बाहेर आणायला मामा लागतो न्हवं?” आणि मग फोन तसाच धरून गडी रडायला लागला. मीही इकडं काही फार शहाणपणा केला नाही.

तुझी आई ओट्यावर बसून आहे. मोनालीनं चुलतभावाला फोन करून कानपिळीचं काम काढून घेतलं, त्यानं रागानं फोन आपटला म्हणे. त्याच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. उद्या जाईन मी.

तुम्हा दोघांची गाडी येईपर्यंत हे कागदावर उतरवतो आहे. अधिकारी म्हणून तू कसा आहेस ते आता मला समजलं आहे. मुलगा म्हणून कसा आहेस ते मी विसरलो नव्हतो.

आज आपल्या गावठाणात पाण्याचा वार नाही. तुझ्या आईनं कालची घागर ओतली नाही. तीच दाराशी ठेवली आहे, वर तांब्या पालथा घालून. हातपाय धुऊन आत ये.

तुझा,
आबा